पगार, पिसारा आणि तुझी यादी

प्रिय निनाद,

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, मुली शेवटी पगारच बघतात. मी नाही, सायन्स म्हणतं." मी गप्प बसले, कारण मुलीचा ताजा नकार पचवणाऱ्याशी वाद घालू नये. पण जन्मभर जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला ते वाक्य टोचत राहिलं, म्हणून हे पत्र.

आधी कबूल करते, तू व्हिडिओत बघून सांगितलास तो अभ्यास खरा आहे. डेव्हिड बस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८९ साली तो प्रसिद्ध केला. ३७ संस्कृतींमधल्या दहा हजारांवर माणसांना विचारलं होतं. जवळजवळ सगळीकडे बायकांनी जोडीदाराच्या कमाईला पुरुषांपेक्षा जास्त महत्त्व दिलं आणि पुरुषांनी रूपाला नि कमी वयाला. पुढे २०२० मध्ये ४५ देशांत पुन्हा विचारलं, तेव्हाही चित्र साधारण तेच आलं. पण तुझ्या त्या व्हिडिओवाल्याने एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली. गुणांना क्रम लावायला सांगितल्यावर स्त्री आणि पुरुष दोघांनीही सरासरीने सगळ्यात वर ठेवला तो प्रेमळ, समजून घेणारा स्वभाव. त्याखाली बुद्धी. भांडण आहे ते खालच्या पायऱ्यांवर.

मग हा फरक येतो कुठून? रॉबर्ट ट्रिव्हर्स या जीवशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये जे मांडलं, ते मी वर्गात नेहमी असं सांगायचे: पिल्लासाठी ज्याच्या गाठीचं जास्त जातं, तो जास्त चोखंदळ. माणसात नऊ महिने पोटात वाढवणं आणि नंतरचं अंगावर पाजणं बाईकडे. चूक तिला महाग पडते, म्हणून ती पारखून घेते. आता कमळपक्षी बघ. तळ्यातल्या पानांवर लांब बोटांनी चालणारा. त्यांच्यात अंडी उबवतो नर, पिल्लं सांभाळतो नर. मादी आकाराने मोठी, नरांसाठी दुसऱ्या माद्यांशी झुंजते आणि एका हंगामात अनेक नरांबरोबर संसार मांडते. म्हणजे "बायका अशाच" हा निसर्गाचा नियमच नाही, नियम आहे तो ओझं कुणावर याचा. ते ओझं दोघांत वाटलं गेलं की दोघंही चोखंदळ होतात, आणि माणसाचं पोर इतकी वर्षं परावलंबी असतं की आपल्यात बहुतेक वेळा तसंच होतं. तूही त्या मुलीला पारखतच होतास की! तिने पारखलं तेव्हाच तेवढं लागलं.

वासाचीही एक गंमत आहे. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ४४ पुरुषांना दोन रात्री एकच सुती टी-शर्ट घालायला लावला आणि ते शर्ट ४९ मुलींना हुंगायला दिले. ज्याची रोगप्रतिकारक जनुकं आपल्यापेक्षा वेगळी, त्याचा वास त्यांना जास्त बरा वाटला. पण गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींचं नेमकं उलट झालं. नंतरच्या प्रयोगांत कधी दुजोरा मिळाला, कधी नाही. मला स्वतःला यावर फार भरवसा नाही, पण घामेजलेले शर्ट हुंगणाऱ्या मुली डोळ्यांपुढे आल्या की हसू आवरत नाही.

हे सगळं सुरू झालं डार्विनपासून. मोराचा तो अवजड पिसारा जगायला कामाचा नाही, मग टिकला कसा? लांडोरींनी निवडला म्हणून, हे त्याने १८७१ मध्ये मांडलं. पण स्वतःची वेळ आली तेव्हा, १८३८ मध्ये, या गृहस्थाने कागदावर दोन रकाने आखले होते: लग्न करावं, लग्न करू नये. एका बाजूला मुलंबाळं, म्हातारपणची सोबत, काही झालं तरी कुत्र्यापेक्षा बरी. (हो, खरंच असंच लिहिलंय!) दुसऱ्या बाजूला वेळेचा अपव्यय आणि पुस्तकांना पैसे उरणार नाहीत ही धास्ती. शेवटी निकाल: लग्न, लग्न, लग्न. पण नेमकं कुणाशी, याचा त्या हिशेबात विचारच नाही. दुसऱ्या वर्षी त्याने एमाशी लग्न केलं. ती त्याची मामेबहीण. ती श्रद्धाळू आणि याची श्रद्धा ढळत चाललेली. ते तिला आयुष्यभर सलत राहिलं. तरी त्याच्या लांबलचक आजारपणात तिनेच त्याला सांभाळलं. दोघांची दहा वर्षांची लेक गेली, ते दुःखही दोघांनी सोसलं.

मुलगी कशी हवी याची तुझ्या फोनमध्ये यादी आहे ना, तसल्या याद्यांचं काय होतं, ते ईस्टविक आणि फिंकेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये तपासलं. मुलामुलींना आधी विचारलं, जोडीदारात काय हवं. मग चार-चार मिनिटांच्या भेटी घडवल्या. आधी काय सांगितलं होतं त्यावरून प्रत्यक्षात कोण आवडेल याचा अंदाज काही बांधता आला नाही.

मला याचं आश्चर्य वाटलं नाही. माझ्या वहीच्या मागच्या पानावरही यादी होती: उंच, चष्मा नको, गाता गळा. तुझे बाबा माझ्याहून बोटभरच उंच, भिंगं जाड, आणि त्यांचं गाणं तू ऐकलंच आहेस. पण एका मैत्रिणीकडे तिचे आजोबा तोच किस्सा तिसऱ्यांदा सांगत होते. आम्ही सगळे खिडकीबाहेर बघायला लागलो. हे मात्र पुढे सरकून बसले, "मग?" म्हणाले आणि नेमक्या जागी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसले. तो "मग?" मला अजून ऐकू येतो.

ता. क. परवा तू अर्धा तास बोललास. तू कोणता शर्ट घातलास, पगार कसा सांगितलास, तिने घड्याळ किती वेळा बघितलं, सगळं कळलं. ती काय करते, कशाला हसली, कशावर बोलताना थांबेनाशी झाली, यातलं एक अक्षर नाही. मी विचारलं, तर तू म्हणालास, "लक्षात नाही." आज रात्री फोन करशील, तेव्हा आठवून सांग.

तुझी,
आई