मामा, तो ठसका माझ्या कामी आला

प्रिय अशोकमामा,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या ‘व्हॅक्यूम क्लीनर’ नाटकाच्या प्रयोगाला मी तिसऱ्या रांगेत होतो. पडदा पडल्यावर बायको म्हणाली, “जा की आत, भेटून ये.” गेलो नाही. ‘मामा’ म्हणताना पहिलाच ‘म’ ओठांत अडकणार हे ठाऊक होतं. म्हणून हे पत्र. कागदावर मी अडखळत नाही.

शाळेत माझा हजेरीचा नंबर तेवीस. अठरा-एकोणीस पुकारला की माझे तळहात ओले व्हायचे. ‘हजर’मधला ‘ह’ घशातून निघेपर्यंत सर चोविसावर पोचलेले असायचे, आणि वर्गात बसून माझी गैरहजेरी लागायची. पोरं ‘ततपप’ म्हणून हाक मारायची. आई माझी वाक्यं पुरी करून द्यायची. मायेनंच, पण मला राग तिचा जास्त यायचा.

१९८७च्या गणपतीत गल्लीत भाड्याचा व्हीसीआर आला आणि ‘धुमधडाका’ लागला. खोटा श्रीमंत बाप यदुनाथ जवळकर झालेले तुम्ही, तोंडात पाइप. ऐटीत झुरका घेता आणि ठसका लागतो. शब्द काही केल्या येत नाही. येतं ते ‘व्याख्या, विख्खी, वुख्खू’. गल्ली हसून लोळत होती आणि मी हसायचं विसरून बघत होतो. हे तर माझंच चाललं होतं! फक्त यदुनाथ जवळकरांना त्याची लाज नव्हती. ठसका ओसरला की रुबाब जिथल्या तिथे, आणि समोरचा बिचारा ताटकळत उभा.

दुसऱ्या दिवशी मी मांडवामागे तुमची नक्कल केली. सलग चार वाक्यं बोललो, एकदाही न अडता. नक्कल करताना, गाताना अडखळणाऱ्यांची जीभ बऱ्याचदा मोकळी होते, हे पुढे स्पीच थेरपिस्टनं सांगितलं. तेव्हा मला तो चमत्कारच वाटला होता.

मग तुमचे सिनेमे बघायचा नादच लागला. सगळेच चांगले होते असं म्हणणार नाही. काही तुमच्या जिवावर तरले, काही तुम्ही असूनही बुडाले. पण ‘अशी ही बनवाबनवी’! लोकांना साड्या आठवतात, मी तुमच्या धनंजय मानेंचे डोळे बघतो. सुधीर जोशींचे घरमालक सरपोतदार काही विचारतात, माने चटकन उत्तर देत नाहीत. नजर जराशी फिरते, मग सरळ चेहऱ्यानं थाप बाहेर पडते. ते अर्धं-पाऊण सेकंद मी रिवाइंड करकरून पाहिलंय. आपणही बोलताना थांबतोच, मग चोरासारखं का थांबायचं, हे तिथे सुचलं. आणि ‘चौकट राजा’त गतिमंद नंदूला जपणारा गणा तुम्ही केलात, तेव्हा हा माणूस आपल्याला हसणाऱ्यांतला नाही, अशी खात्रीच पटली.

तुमचा महाराष्ट्र भूषण झाला, २०२५मध्ये पद्मश्री झाली. पेढे वाटले. पण मला त्याहून अप्रूप तुमच्या स्टेट बँकेतल्या नोकरीचं. तुमच्या मामांच्या, गोपीनाथ सावकारांच्या नाटकांतून तोंडाला रंग लागलेला, आणि तरी सुमारे दहा वर्षं बँक आणि नाटक दोन्ही सांभाळलंत. घरी मी हेच उदाहरण देऊन बँकेच्या परीक्षेला बसलो. मुलाखतीत स्वतःच्या नावावरच अडलो. खाली बघितलं नाही, मानेंसारखा साहेबांकडे बघत थांबलो. साहेबही थांबले.

नोकरी लागली आणि नेमकं कॅश काउंटर मिळालं. दिवसभर टोकन पुकारायचं! ‘सदतीस’ म्हणण्याआधी मी चष्मा सावरायचो, वहीत बघायचो, मग नंबर सोडायचो. पेन्शनवाल्या एक आजी शेजारणीला सांगत होत्या, “हे साहेब बाई फार शांत. विचार केल्याशिवाय बोलत नाहीत.”

आता नंबर मशिन पुकारतं. त्यातली बाई कधीच अडत नाही आणि तिच्याकडे कुणी मान वर करून बघतही नाही.

मामा, मनापासून आभार. पुढच्या प्रयोगाला आत येईन म्हणतो. दोन सेकंद थांबावं लागेल तुम्हाला.

आपला,
काउंटर नंबर तीन