कागदावरची चिमणी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज पडलेला होता. "डिझाइनमध्ये घेतील वाटलं होतं, टाकलं हवेच्या परवान्यांमध्ये. आता जन्मभर फॉर्म भरत बसायचं," असं म्हणालीस. मी तेव्हा गप्प राहिले, कारण त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्याजोगं नव्हतं. मी 31 वर्षं हेच काम केलं. तू लहान असताना मी घरी आले की माझ्या केसांना गंधकाचा वास येतो म्हणून नाक दाबून धरायचीस. तो वास फॉर्म भरून येत नाही, बाळा.

धूर हवेत सोडायचा परवाना मागायला कारखाना येतो तेव्हा भट्टी उभी राहिलेली नसते, पाया खणलेला नसतो, चिमणी नुसती कागदावर असते. त्या दिवसांत ती दहा मीटर उंच करणं, वस्तीपासून लांब सरकवणं, इंधन बदलायला लावणं किंवा धूळ पकडायला आणखी एक फिल्टर घालायला लावणं, हे सगळं खोडरबराचं काम असतं. एकदा लोखंड उभं राहिलं की त्याच दुरुस्तीला वर्षं लागतात, वकील लागतात, आणि तोवर शेजारची माणसं तीच हवा घेत राहतात. तुला डिझाइन हवं होतं ना? मग हेच ते टेबल, जिथे डिझाइन अजून बदलता येतं.

सुरुवात हिशोबापासून होईल. एखादा बॉयलर तासाला 5 किलो सल्फर डायऑक्साइड सोडतो असं धर. कंपनी सांगेल, आम्ही दिवसातून आठच तास चालवणार. तरी तू वर्षाचे 8,760 तास धरूनच आकडा काढ, म्हणजे 43.8 टन. त्यांना कमी तासांचा हिशोब हवा असेल तर ते तास परवान्यात अट म्हणून लिहून घे आणि तास मोजणारा मीटर बसवायला लाव. सांगणारा मॅनेजर चार वर्षांनी बदलून जातो, मालक बदलतो, मागणी वाढते. कागदावरची अट तेवढी जागेवर राहते. यावरून तुझ्याशी वाद घालायला अनुभवी माणसं येतील, आवाज चढवतील. तू तुझी बेरीज पुन्हा तपास आणि तिथेच थांब.

मग मॉडेलिंग, म्हणजे धूर कुठे किती पोचेल याचा आधीच मांडलेला हिशोब. तासातासाच्या हवामानाची काही वर्षांची नोंद घालायची, आजूबाजूला जाळीसारखे बिंदू मांडायचे आणि प्रत्येक बिंदूवर जमिनीलगत किती प्रदूषण पोचतं ते बघायचं. हवामानशास्त्रज्ञ फ्रँक पास्क्विल यांनी 1961 मध्ये वातावरणाच्या स्थैर्याचे ए ते एफ असे सहा वर्ग मांडले, ते तू शिकली आहेसच. त्यातला एफ, सगळ्यात स्थिर हवेचा, मात्र डोळ्यांनी बघून ये. निरभ्र रात्र, वारा जवळजवळ नाही, आणि चिमणीतून निघालेला धूर वर न जाता अंथरल्यासारखा आडवा पसरत जातो. 1948 च्या ऑक्टोबरच्या शेवटी पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा गावाच्या दरीवर असंच उबदार हवेचं झाकण बसलं आणि त्या काही दिवसांत 20 माणसं गेली. लंडनला 1952 च्या डिसेंबरमध्ये 5 ते 9 तारखेच्या धुरक्यानं तेव्हाच्या मोजणीप्रमाणे सुमारे 4,000 बळी घेतले. नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा 12,000 पर्यंत नेला. दोन्हीकडे कारखाने आणि चुली रोजच्याच होत्या. बदललं होतं ते हवामान. म्हणून वर्षाची सरासरी ठीक आली की फाइल मिटू नकोस. सगळ्यात वाईट तास कुठला, तो कोणत्या महिन्यातला, आणि त्या तासाला त्या बिंदूवर कोण राहतं, एवढं बघून घे. माझ्या एका फाइलमध्ये तो बिंदू शाळेच्या मैदानावर पडला होता. चिमणीची जागा 300 मीटर सरकवायला लावली. आज तिथून जाणाऱ्या कुणाला ते माहीत असायचं कारण नाही.

उंच चिमणी हा सोपा उपाय वाटेल. कॅनडातल्या सडबरीला 1972 मध्ये 381 मीटरची चिमणी सुरू केली. गावावरचा धूर हलला, पण वायू वाऱ्याबरोबर आणखी लांब गेले. आधी जे सुटतंय ते कमी करायला लाव, मग उंचीचं बोल.

कागद झाला की पडताळणी. ह्यात माझा जीव जास्त रमला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चिमणीतली धूळ मोजायला आपण वर चढतो. प्लॅटफॉर्म 40 मीटरवर, पायाखाली जाळी, जाळीतून खालचं आवार दिसतं. पोर्टचं, म्हणजे चाचणीसाठी ठेवलेल्या भोकाचं, झाकण उघडलं की गरम वायूचा झोत अंगावर येतो, म्हणून कधी समोर उभी राहू नकोस, बाजूला राहा. मग प्रोब, म्हणजे नमुना ओढणारी लांब नळी, आत जातो. त्याच्या टोकाला पेनाच्या टोपणाएवढं नोझल, बाजूला वायूचा वेग मोजणारी पिटो ट्यूब. चिमणीत वायू ज्या वेगानं वर चाललाय, बरोबर त्याच वेगानं नोझलनं तो आत ओढला पाहिजे. ह्यालाच आयसोकायनेटिक म्हणतात. जास्त जोरानं ओढलंस तर हवा वळून आत येते, जड कण मात्र आपल्या वेगात सरळ पुढे निघून जातात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. हळू ओढलंस तर उलट, आकडा फुगतो. ओढण्याचा वेग वायूच्या वेगाच्या 90 ते 110 टक्क्यांच्या आत ठेवायचा, आणि चिमणीच्या रुंदीभर ठरलेल्या प्रत्येक बिंदूवर तेवढीच मिनिटं थांबायचं. तास-तासाच्या तीन फेऱ्या. शेवटी हातात येतो एक फिल्टर कागद, करडा पडलेला, काही मिलिग्रॅमनं जड झालेला. चिमटीनं उचलायचा, बोट लावायचं नाही. त्या काही मिलिग्रॅमवर पुढचा सगळा अहवाल उभा असतो.

आता माझी चूक सांगते. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी अशीच एक चाचणी पार पाडली. मर्यादा घनमीटरला 50 मिलिग्रॅम होती, आमचा आकडा 38 आला. गळती तपासली होती, वेग बरोबर होता, वजनं बरोबर होती. मी सही केली. तीन आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्यांच्या उत्पादनाची मासिक नोंद चाळत होते, तेव्हा दिसलं की त्या दिवशी भट्टी 60 टक्के लोडवर चालवली होती. रोज ती पूर्ण लोडवर चालायची. अहवालातला एकही आकडा खोटा नव्हता, तरी मी ज्या कागदावर सही केली होती तो खरं सांगत नव्हता. दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन सांगितलं की मी लोड विचारलाच नाही. ते रागावले, मग म्हणाले, पुन्हा चढ. पूर्ण लोडवर आकडा आला 71. त्या कारखान्याला फिल्टर वाढवावे लागले. त्या दिवसापासून वर चढायच्या आधी मी कंट्रोल रूममध्ये जाऊन लोड, इंधन आणि तापमान स्वतःच्या हातानं वहीत उतरवून घेते, आणि उतरल्यावर पुन्हा एकदा.

दुसरी युक्ती ऑक्सिजनची. पंख्याचा डँपर, म्हणजे हवेची झडप, जरा उघडला की बाहेरची हवा धुरात मिसळते, धुरातला ऑक्सिजन वाढतो आणि घनमीटरमागचा आकडा खाली येतो. दुधात पाणी घातलं म्हणून दूध वाढत नाही, तसं इथे कणही एकानं कमी होत नाही. म्हणून आकडा ठरलेल्या ऑक्सिजनवर आणूनच वाचायचा. 14 टक्के ऑक्सिजनला 100 मिलिग्रॅम मोजलेस आणि मर्यादा 11 टक्क्यांवर दिलेली असेल, तर (20.9 वजा 11) भागिले (20.9 वजा 14) असा गुणक लाव; 20.9 टक्के हा साध्या हवेतला ऑक्सिजन. 100 चे सुमारे 143 होतात. अहवालात ऑक्सिजनचा रकाना रिकामा दिसला तर पुढे वाचूच नकोस, परत पाठव.

लॉगबुकं मात्र शांतपणे वाच. एका ठिकाणी बॅगहाउसच्या, म्हणजे कापडी पिशव्यांतून धूळ गाळणाऱ्या यंत्राच्या, दाबातल्या फरकाची नोंद मी पान उलटून उलटून बघत होते. रोज 4.0 इंच पाण्याचा दाब. महिनाभर 4.0, एकाच पेनानं. त्यातले दोन दिवस प्लँट बंद होता, पंखा फिरतच नव्हता, तरी 4.0. मी वर ऑफिसात न जाता त्या ऑपरेटरच्या शेजारी जाऊन बसले. कोवळा पोरगा होता. म्हणाला, मॅडम, मीटरची नळी कित्येक महिने तुंबली आहे, दोनदा लिहून दिलं, कुणी आलं नाही, आणि रकाना मोकळा सोडला की ओरडा बसतो. आम्ही नळी साफ करून घेतली. काटा 1.5 वर जाऊन थांबला. बॅगा फाटलेल्या होत्या, धूळ अडकायला आत काही उरलंच नव्हतं. त्या पोराला शिक्षा झाली असती तर मला स्वतःची लाज वाटली असती. मी माझ्या टिपणात नळीच्या तक्रारीच्या दोन्ही तारखा घातल्या. खोटी नोंद करणारा हात आणि ती करायला लावणारी भीती, दोन्ही शोधत जा.

हे एवढं तळमळून का लिहिते? भोपाळला 1984 च्या डिसेंबरमधल्या त्या रात्री विषारी वायू रोखण्यासाठी स्क्रबर होता, वायू जाळून टाकायला फ्लेअर होता, टाकी थंड ठेवायची यंत्रणा होती. आराखड्यात सगळं होतं. प्रत्यक्षात स्क्रबर नुसता सज्ज ठेवलेला, फ्लेअरचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला आणि शीतयंत्रणा बंद. मी कुठल्याही प्लँटमध्ये गेले की यादीतल्या प्रत्येक यंत्राजवळ जाऊन हात लावून बघते, चालू आहे का. तूही बघ.

आणि रोजची, हळूहळू मारणारी हवाही आहेच. 1993 मध्ये अमेरिकेतल्या सहा शहरांचा अभ्यास छापून आला. आठ हजारांहून अधिक माणसांचा कित्येक वर्षं मागोवा घेतला होता. धूम्रपानासारख्या गोष्टी हिशोबात धरूनही सगळ्यात मळकट हवेच्या शहरात मृत्युदर सगळ्यात स्वच्छ शहरापेक्षा 26 टक्के जास्त निघाला. त्याच्याशी सगळ्यात घट्ट जुळत होते ते अतिसूक्ष्म कण, अडीच मायक्रोमीटरचे आणि त्याहून बारीक, जे नाकात अडत नाहीत, सरळ फुप्फुसात खोल उतरतात. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांची वर्षाची मार्गदर्शक पातळी घनमीटरला 10 वरून 5 मायक्रोग्रॅमवर आणली. परवान्यातला दशांश चिन्हानंतरचा अंक गाळताना हे आठव.

लोकांच्या तक्रारी येतील, त्या टाळू नकोस. एक बाई दर महिन्याला पत्र लिहायच्या: वाळत घातलेल्या कपड्यांवर सकाळी काळे ठिपके पडतात. आमच्याकडे सगळे म्हणायचे, रस्त्याची धूळ असेल. मी त्यांना एक वही दिली आणि ठिपके दिसतील ती तारीख लिहायला सांगितलं. त्यांनी चार महिने लिहिलं, अक्षर मोत्यासारखं. मी त्या तारखांसमोर वाऱ्याची दिशा मांडली, मग बॉयलरची शिफ्टची नोंद मांडली. बॉयलरच्या नळ्यांवरची काजळी रात्री पहाटे तीनच्या सुमारास वाफेनं झाडायचे, आणि वारा त्या घराच्या दिशेचा असला की सकाळी कपड्यांवर ठिपके. परवान्याच्या पुढच्या नूतनीकरणात अट घातली: काजळी झाडायची तर दिवसा, फिल्टर पूर्ण चालू असताना, आणि प्रत्येक वेळेची नोंद ठेवून. त्या बाईंनी नंतर एकच पत्र लिहिलं. त्यात एक पांढरा रुमाल घडी करून घातला होता. तो अजून माझ्या कपाटात आहे.

पहिल्या आठवड्यात तुझ्या टेबलावर फाइल येईल. ती वाचायच्या आधी जागा बघून ये, निदान नकाशावर तरी वाऱ्याच्या दिशेनं बोट फिरवून बघ. अडलं तर रात्री कितीही वाजता फोन कर. माझी चाचण्यांची जुनी वही पार्सलनं पाठवते आहे. त्या 71 च्या पानाला मी लाल दोरा बांधून ठेवला आहे.

तुझी,
आई

ता. क. शिडीचे गज उन्हात भाजतात. हातमोजे जाड घे, आणि चढताना वही हातात धरू नकोस, पाठीवरच्या पिशवीत टाक.