रविवारचा गट बंद पडू देऊ नका : पारलिंगी किशोरांच्या गट-समुपदेशनासाठी आवाहन

सर्व सभासद, देणगीदार व हितचिंतकांस सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरणारा रविवारचा गट दिवाळीनंतर चालू ठेवायचा की थांबवायचा, हे कार्यकारिणीला या महिनाअखेर ठरवावे लागणार आहे. समुपदेशन निधीत दिवाळीपर्यंत पुरेल एवढीच रक्कम शिल्लक आहे. त्यामुळे वार्षिक सभेची वाट न पाहता हे पत्र घाईने आपल्यापुढे ठेवत आहे.

आपल्या वाचनालयाने हाक मारली आणि गाव धावले नाही, असे सहसा झालेले नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी तळमजल्यात शिरले, तेव्हा कुणी बोलावण्याआधी तालमीतली पोरे आली आणि कमरेएवढ्या पाण्यातून संदर्भ विभागाचे गठ्ठे डोक्यावर घेऊन जिना चढली. भिजलेली पुस्तके पंख्याखाली पान न् पान सुटे करून वाळवणाऱ्या महिला वाचक मंडळाच्या भगिनींना आम्ही आजही विसरलेलो नाही. गुजरीतल्या एका पेढीने नवी लोखंडी कपाटे दिली आणि त्यावर नावाची पट्टीसुद्धा लावू दिली नाही. २०२१ ला नदी पुन्हा चढली, तेव्हा ती कपाटे वर हलवलेली होती, म्हणून एकही पुस्तक गेले नाही.

समुपदेशन केंद्रही असेच लोकांच्या बळावर उभे राहिले. आपल्या माईंनी पेन्शनच्या फरकाची सगळी रक्कम एका लिफाफ्यात घालून कार्यालयात आणून दिली. “पोरांच्या डोक्याचंही बघा, नुसती पुस्तकं देऊन भागत नाही,” एवढेच त्या बोलल्या. माई आज नाहीत, पण केंद्राच्या दारावरचा पडदा त्यांनीच शिवलेला आहे. डॉक्टरकाका आपल्या दवाखान्याची वेळ पुढे ढकलून दर गुरुवारी येतात आणि प्रवासखर्चही घेत नाहीत. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून रविवारी मुलांसाठी दूध येते, त्याचे बिल आजवर आलेले नाही. या सगळ्यांचे ऋण फिटणारे नाही.

रविवारचा गट याच केंद्रातून निघाला. छातीत धडधड, झोप नाही, शाळा नको, जेवण नको अशा तक्रारी घेऊन काही मुले वेगवेगळ्या वारी येत होती. जन्माच्या वेळी मुलगा किंवा मुलगी म्हणून जे नोंदले गेले, ते आपण नाही, हे त्यांना आतून ठाऊक होते, म्हणजेच ती पारलिंगी होती. आणि अख्ख्या जिल्ह्यात आपल्यासारखे दुसरे कुणी नाही, अशी प्रत्येकाची खात्री होती. त्यांना एकत्र बसवले पाहिजे, हे डॉक्टरकाकांनी सुचवले.

गटात आठ-दहाच मुले असतात, वय चौदा ते अठरा. दीड तास. एक मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्याबरोबर स्वतः पारलिंगी असलेली एक प्रशिक्षित कार्यकर्ती. कुणाच्या जिवाला धोका दिसला तर गोष्ट वेगळी, एरवी इथले बोलणे इथेच राहते. सुरुवातीला प्रत्येकजण आज कोणत्या नावाने हाक मारायची ते सांगतो. मग आठवड्यातला एखादा प्रसंग निघतो. “एसटीत सगळे माझ्याकडेच बघत होते” असे कुणी म्हणाले, की तो विचार फळ्यावर लिहायचा, त्याने अंगात काय झाले ते लिहायचे, खरोखर किती जण बघत होते ते आठवायचे, आणि दोघेजण बघतच असले तर तेव्हा काय करायचे याची तिथेच तालीम करायची. हजेरीत नको असलेले नाव पुकारले जाते, तेव्हाची तालीम वेगळी. शाळेतल्या स्वच्छतागृहाच्या भीतीने एक मूल सकाळपासून घरी जाईपर्यंत पाण्याचा घोट घेत नव्हते. हे त्याने घरी कुणाला सांगितले नव्हते, गटात सांगितले. ऐकून आणखी तीन माना हलल्या. तज्ज्ञांचे बोलणे त्यांनी याआधीही ऐकले होते, पण त्या तीन माना त्यांना दुसरीकडे कुठे दिसणार?

म्हणूनच गट मध्येच तुटता कामा नये. तीच माणसे, तीच खोली, तीच वेळ असेल तरच मुले तोंड उघडतात. एकजण कितीतरी रविवार जॅकेटची टोपी डोळ्यांवर ओढून कोपऱ्यात बसत होता, आता तो नव्याने येणाऱ्यांना खुर्ची देतो. त्याचे वडील खालच्या वृत्तपत्र विभागात बसून असत. हातातल्या पेपरचे पान उलटत नसे. हल्ली तेच नव्या पालकांना जिन्यापर्यंत सोडायला येतात.

काही सभासदांनी शंका विचारली की तिथे मुलांना ‘बिघडवतात’ की ‘सुधारवतात’. दोन्ही नाही. पारलिंगी असणे हा मानसिक आजार नाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत ते मानसिक विकारांमध्ये नाही. असे मूल ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही २०२२ मध्ये स्पष्ट केले. इलाज चालतो तो चिंतेवर आणि नैराश्यावर, आणि ते बहुतांशी टोमण्यांतून, मारहाणीतून, घर सुटेल या धास्तीतून आलेले असते. गरज पडल्यास मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो. पालकांची लेखी संमती घेतल्याशिवाय कुणालाही गटात बसवत नाही.

आता थोडे मनातले. गेल्या वर्षी याच कामासाठी पत्र काढले, तेव्हा पुराच्या वेळी रात्री दोन वाजता फोन उचलणाऱ्यांपैकी बरेच जण गप्प राहिले. एका संस्थेने सभागृह देण्याचे कबूल करून, कोणती मुले येणार हे कळल्यावर आदल्या दिवशी नकार कळवला. ते लागले. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत आणि इथे ओढ्यावरच्या रेणुकेला आपण लुगडे नेसलेल्या जोगत्याच्या परडीत जोगवा घालतो, त्याच्या पायावर डोके ठेवतो. मग तसेच मूल आपल्या गल्लीत दप्तर घेऊन निघाले की खिडक्या का लागतात? हे शाहू महाराजांचे कोल्हापूर आहे. ज्यांना शिकायला यायचे पण राहायला जागा नव्हती, त्यांच्यासाठी १९०१ पासून या गावात एकामागून एक वसतिगृहे उघडली गेली. आम्ही तर आठवड्यातून एक खोली मागत आहोत, तीही आपल्याच वाचनालयातली.

तपशील थोडक्यात : एका रविवारचा खर्च (मानधन, मुलांचे एसटी-रिक्षाभाडे, साहित्य) सुमारे साडेचार हजार रुपये, वर्षाचा साधारण सव्वादोन लाख. एक रविवार आपल्या नावे किंवा आप्तांच्या स्मरणार्थ घेता येईल, अर्धा घेतला तरी चालेल. धनादेश वाचनालयाच्या नावे, मागे ‘समुपदेशन निधी’ लिहावे. ऑनलाइनसाठी क्यूआर कोड कार्यालयात लावला आहे. प्राप्तिकर सवलतीसाठी ८०जी पावती मिळेल, मात्र दोन हजारांवरील रोख देणगीस ही सवलत लागू नाही. वस्तुरूपाने दोन पंखे, बारा खुर्च्या आणि फळा हवा आहे. रविवारी जिन्यापाशी बसायला दोन स्वयंसेवक हवेत, आधी डॉक्टरकाकांशी बोलणे आवश्यक. मुलांना भेटण्याचा, फोटो काढण्याचा आग्रह कृपया कुणीही, मोठ्या देणगीदारांनीसुद्धा, धरू नये. ओळखीतल्या मुलासाठी चौकशी गुरुवारी सायंकाळी पाच ते सातमध्ये, नाव न सांगता केली तरी चालेल. मध्येच कठीण वेळ आली तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते. देणगी शक्यतो २५ तारखेपर्यंत पोचावी, कारण बैठक त्यानंतर आहे.

आपला नम्र,
कार्यवाह
(कार्यकारिणीच्या वतीने)