लेकीच्या घरी राहायला या

तीर्थस्वरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की गुडघ्याची शस्त्रक्रिया नागपुरात करायला हरकत नाही, पण त्यानंतर विश्रांतीसाठी लेकीच्या घरी राहणे बरे दिसणार नाही आणि खर्चालाही दादा पाठवील तेवढेच पैसे घेऊ. त्या वेळी मी गप्प राहिले, कारण असा विषय फोनवर नीट मांडता येत नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझी विनंती केवळ शस्त्रक्रियेपुरती नाही. तुम्ही दोघांनी आता आर्वीहून कायमचे आमच्याकडे राहायला यावे, असे मला मनापासून वाटते.

मला शिक्षणासाठी नागपूरच्या वसतिगृहात ठेवले, तेव्हा नातेवाइकांनी तुम्हाला काय काय ऐकवले ते मी विसरलेले नाही. मुलगी परक्याचे धन, तिच्यावर एवढा खर्च करायचा आणि उपयोग सासरच्यांना व्हायचा, हा हिशेब त्यांनी तुमच्यासमोर मांडला होता. तुम्ही तो ठामपणे नाकारलात आणि त्या नकारामुळेच मी आज माझ्या पायांवर उभी आहे. मग जो हिशेब तुम्ही माझ्या शिक्षणाला लागू दिला नाही, तो आज माझ्या कमाईला का लावता? माझा पगार सासरी चालतो आणि माहेरी चालत नाही, असे म्हणणे म्हणजे त्या नातेवाइकांचेच म्हणणे इतक्या वर्षांनी मान्य करणे होय.

बाबा, तुम्ही शाळेत शिकवत असताना मला नागपूरच्या ज्या स्त्रियांविषयी सांगत असत, त्यांची मला या निमित्ताने आठवण झाली. लहान वयात वैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट परिचारिकेचे शिक्षण घेतात आणि १९२१ साली मातृसेवा संघ सुरू करतात, ज्याच्या दवाखान्यात माझा जन्म झाला. अस्पृश्य म्हणून स्वतः अवहेलना सोसलेल्या जाईबाई चौधरी १९२२ साली मुलींसाठी चोखामेळा शाळा काढतात. जुलै १९४२ मध्ये याच शहरात दलित महिला परिषदेला हजारो स्त्रिया जमतात, घटस्फोटाचा हक्क मागतात, बहुपत्नीत्वाला विरोध करतात. समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेब त्याच परिषदेत म्हणाले होते आणि तुम्ही ते आम्हा मुलींना पाठ करायला लावले होते. एम्प्रेस मिलमध्ये, विडीच्या कारखान्यांत, शेतात बाया पिढ्यान्‌पिढ्या राबतच होत्या, त्यामुळे स्त्रीने घराबाहेर काम करणे हे मुळीच नवे नाही. नवे आहे ते हे की शिकलेल्या स्त्रीचा पगार तिच्याच नावाच्या खात्यात जमा होतो आणि तो कशावर खर्च करायचा याचा निर्णय तिला घेता येतो.

हा बदल मी नोकरी करते त्या बँकेत मला रोज दिसतो. राज्य शासनाने २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली आणि तेव्हापासून गृहकर्जाच्या टेबलावर पत्नीचे नाव अधिक वेळा येऊ लागले. पुष्कळ घरांत ते नाव केवळ सवलतीसाठी घातलेले असते, हे मला कळते. तरीही कागदावर नाव असलेली बाई सही करण्यापूर्वी व्याजदर विचारते, हप्ता किती वर्षे चालणार ते विचारते आणि पुढच्या वेळी एकटी येऊन खाते तपासून जाते. त्याहून मला समाधान वाटते ते माहेरासाठी कर्ज मागणाऱ्या मुलींकडे पाहून. कोणी आईच्या गळक्या घरावर स्लॅब टाकते, कोणी वडिलांच्या उपचारांसाठी पैसे उभे करते. अर्जातल्या अवलंबित व्यक्तींच्या रकान्यात आई-वडिलांची नावे लिहिताना त्यांच्यापैकी कोणालाही संकोच वाटत नाही. त्यांच्या आई-वडिलांनाही तो वाटला नसावा, अशी मी आशा करते.

तुम्ही नियमाने चालणारे, म्हणून कायद्याचेही सांगते. विवाहित मुलीवरही आई-वडिलांच्या पोषणाची जबाबदारी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच स्पष्ट केले आणि तो खटला एका डॉक्टर मुलीचाच होता. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात अपत्य या व्याख्येत मुलगा आणि मुलगी दोघेही आहेत. त्याआधी हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला. कित्येक घरांत बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जात असताना तुम्ही स्वतःहून सांगितलेत की शेताच्या सातबाऱ्यावर दादाच्या बरोबरीने माझेही नाव लागेल. याचा मला फार अभिमान आहे. पण शेतात वाटा द्यायचा आणि तुमच्या म्हातारपणात वाटा द्यायचा नाही, ही वाटणी मला मान्य नाही.

दादाशी मी सविस्तर बोलले आहे. त्याचा विरोध नाही आणि वहिनीचा तर मुळीच नाही. अमरावतीला तिची आई एकटी राहते आणि तिच्या औषधपाण्याचा भार वहिनीच उचलते, हे तुम्हाला ठाऊक आहे व तुम्हाला त्याचे कौतुकही आहे. सुनेने आपल्या आईसाठी केलेले आपल्याला योग्य वाटते, तर लेकीने केलेले अयोग्य कसे?

आई, आता थोडे तुझ्याशी. मी नोकरी करते म्हणून घर आपोआप चालत नाही, ते कोणाच्या तरी कष्टांवर चालते आणि बहुतेक वेळा ते कष्ट दुसऱ्या बाईचेच असतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात असे आढळले की घरातले विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. आमच्या घरी सकाळचा स्वयंपाक आणि डबे तुझे जावई करतात, तरी तुझी नात लहान असताना माझी नोकरी टिकली ती सासूबाईंमुळे. पोळ्या करायला येणाऱ्या काकूसुद्धा स्वतःची मुले घरी ठेवून येतात. म्हणून त्यांची आठवड्याची सुट्टी, आजारपणातला पगार आणि दिवाळीचा बोनस या बाबतीत मी कधी घासाघीस करत नाही. शिकलेल्या बायकांनी आपले स्वातंत्र्य दुसऱ्या बाईच्या थकव्यावर उभे करू नये, असे माझे ठाम मत आहे.

हे एवढ्यासाठी लिहिले की तुला नात सांभाळायला किंवा स्वयंपाकघर चालवायला मी बोलावत नाही. तू आयुष्यभर पाहुणे, सणवार, वाळवणे आणि आजारपणे निभावलीस. आता दुपारी तू वाचावेस, भजनी मंडळात जावेस, कधी केवळ मजेसाठी माझ्याबरोबर मेट्रोने सीताबर्डीला यावेस. दोन विहिणी एका घरात कशा राहणार, ही तुझी काळजी मी सासूबाईंनाच सांगितली. त्या म्हणाल्या, ‘मला बोलायला माणूस हवेच आहे, आणि त्यांच्या लेकीचे घर आहे, त्यांनी परवानगी कशाला विचारायची?’ महालक्ष्म्या आमच्याकडेही बसतात. तू तुझे मुखवटे घेऊन ये, शेजारी मांडू.

आर्वीचे घर विकायचे नाही, त्याबद्दल निर्धास्त राहा. उन्हाळा सरला की वाटेल तेव्हा जाऊन या. तळमजल्यावरच्या खोलीत कमोड बसवून घेतला आहे आणि भिंतीला धरायला दांडे लावले आहेत. बाबा, तुम्ही पेन्शनमधून काही रक्कम घरखर्चाला देऊ इच्छित असाल तर मी ती आनंदाने घेईन, मात्र तुम्हीही माझे पैसे तितक्याच सहजतेने घ्यावेत.

येताना एक्स-रे, रक्ताचे जुने अहवाल आणि आधार कार्डे आठवणीने आणा. एसटीने गणेशपेठला उतरा, मी तिथे गाडी घेऊन येईन. शस्त्रक्रियेची तारीख ठरली की लगेच कळवा, म्हणजे त्याच दिवशी रजेचा अर्ज देईन. पहिला आठवडा तुमचे जावईही रजेवर राहणार आहेत.

तुमची लेक
नागपूर