लेकीच्या सायकलीविषयी

नागपूर,
दि. १५ जून

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या लेकीसाठी तू कळवलेली गिअरची वापरलेली सायकल काल सकाळी धरमपेठेत जाऊन पाहून आलो. चांगला तासभर लावला, कारण कॉलेजात असताना मी नुसता चकाकता रंग पाहून घेतलेली जुनी सायकल तुला आठवत असेल. तिच्या हँडलखालच्या जोडाशी रंगाला पडलेल्या सुरकुत्या मला घेताना दिसल्याच नाहीत, आणि समोरून धडक बसून वाकलेली ती फ्रेम पुढे दोन वर्षे मला डावीकडे ओढत राहिली. म्हणून या वेळी फ्रेमपासूनच सुरुवात केली. हँडलखालच्या नळीचे जोड ओल्या फडक्याने पुसून बोटाने चाचपले आणि सायकल उलटी करून पॅडलच्या एक्सलभोवतीची वेल्डिंग पाहिली. कुठे तडा नाही, रंग फुगलेला नाही, पुढचे चाक धरणारा चिमटा सरळ आहे आणि मागून पाहता दोन्ही चाके एका रेषेत दिसतात. हे महत्त्वाचे, कारण बाकीचे भाग बदलता येतात.

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली तेव्हा हँडलच्या कपात, म्हणजे हँडल जिथे फिरते त्या सांध्यात, किंचित खटका जाणवला. तो आवळल्याने जाईल. पुढच्या चाकाचा थोडा आऊट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, काढावी लागेल. स्पोक सगळे शाबूत आहेत.

खरी अडचण चेनची आहे. कोणत्याही पिनेपासून मोजत गेल्यास पुढची चोविसावी पिन नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर येते; इथे ती जवळजवळ १/८ इंच पुढे गेली आहे. इतकी झिजलेली चेन फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचे, दातेही झिजवते, त्यामुळे एकटी चेन बदलली तर ती जुन्या दात्यांवरून घसरू लागते, आणि तेही नेमके चढावर उभे राहून जोर लावताना. लेक शिकवणीला रोज रहदारीतून जाणार आहे, तेव्हा दोन्ही एकदमच बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नक्षी शिल्लक असल्यामुळे मालक टायर नवेच असल्याचे सांगत होते. पण सायकल दोन उन्हाळे गच्चीवर उभी होती आणि आपल्याकडचे मे महिन्यातले ऊन तुला सांगायला नको. हवा भरून पाहिल्यावर दोन्ही टायरांच्या कडांना बारीक चिरा दिसल्या, म्हणजे तेही बदलावे लागणार.

दुकानात विचारले, या सगळ्याला साधारण अठराशे रुपये लागतील. मालक सहा हजार म्हणतात, तू बेचाळीसशेवर ठाम राहा. एक्सलखाली कोरलेला फ्रेम नंबर मी लिहून घेतला आहे. माणसे सज्जन वाटली, तरीही तो मूळ बिलावरच्या नंबराशी जुळल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

रविवारी येताना लेकीला सोबत आण. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवल्यावर तिचा पाय सरळ होतो का, हे तिच्याशिवाय पाहता येणार नाही. नंतर सेमिनरी हिल्सच्या उतारावर मी स्वतः ती चालवून ब्रेक तपासीन, मगच तिच्या हाती देऊ.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा मित्र