उघाडी आणि मानस

वाखनिंगेन, नेदरलँड्स
6 ऑगस्ट

तीर्थरूप आजोबांना,
साष्टांग नमस्कार.

गोव्यात दहा आठवडे राहून आरोंद्याला एकदाच आले, तेही एका रात्रीपुरती. तुम्हाला त्याचं वाईट वाटलंय, असं आई फोनवर म्हणाली. मलाही वाटलं. पण खाडीकाठच्या शेतात शिरणाऱ्या मिठाची मोजणी दर भरतीला आणि दर ओहोटीला करायची होती, आणि भरतीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. रात्री अडीचला बांधावर जायचं, सकाळी नऊला परत जायचं. एक दिवस चुकला की त्या पंधरवड्याची वही अपुरी राहते. म्हणून फोनवर न बोलता सगळं नीट लिहून पाठवते आहे. वाचून झालं की बाबांना आणि छोट्या काकांनाही द्या.

मी चोडणला एका निवृत्त मराठी शिक्षकांच्या घरी उतरले होते. सगळं बेट त्यांना मास्तर म्हणतं. घरात आपसांत कोकणी, पण पेपर मराठी, देवघरातली पोथी मराठी, आणि माझ्याशी दोघंही मराठीतच बोलायची. काकू रोज दहा वाजता उकड्या तांदळाची पेज आणि आंब्याचं लोणचं समोर ठेवायच्या. रायबंदरहून फेरीबोटीने गोवा विद्यापीठाची मंडळी यायची: सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडम, त्यांची दोन विद्यार्थी मुलं, मराठी विभागातली एम.ए.ची एक मुलगी, आणि आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयातला एक मुलगा. हा चित्रं काढणारा मुलगा आमच्यात कशाला, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. त्याचं पुढे सांगते.

खाजण म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली शेतजमीन, हे तुम्हाला मी सांगायचं नाही. पण तिकडची रचना ऐका, तुम्हाला आवडेल. खाडीच्या कडेने चिखल आणि पेंढ्याचा बांध, बाहेरून चिऱ्यांचं तोंड. बांधात चिऱ्यांच्या चौकटीत लाकडी दारं, त्यांना मानस म्हणतात. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी त्याला बाहेर लोटतं आणि दार उघडतं. आत पाण्याचा फाटा असतो, तो पोंय. पावसात भात, भात कापलं की कोळंबी आणि मासे. मानस पाहून मी मास्तरांना म्हणाले, "ही तर आमची उघाडी!" ते म्हणाले, "पाणी तेच, दार तेच. नाव तेवढं वेगळं." मराठी विभागातली मुलगी तिथेच उभी होती, तिने लगेच दोन्ही शब्द वहीत टिपले. ती याच कामाला आली होती. बांधाच्या कामातले शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून गोळा करायचे, कारण काम थांबलं की शब्दही कुणाच्या तोंडी राहत नाहीत. तिच्या वहीत तुमचे सात शब्द आहेत. मला आठवले तेवढे मी तिला दिले.

गोव्यात अशी जमीन सुमारे 18,000 हेक्टर आहे, आणि फार जुनी आहे. बांदोड्याला मिळालेल्या कोकण मौर्यांच्या ताम्रपटात, म्हणजे सहाव्या शतकात, बांध घालून खाजण लागवडीला आणण्याचा उल्लेख आहे. बांध सांभाळायची ती गांवकारी, गावची सामाईक संस्था. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनाही ही व्यवस्था मोडता आली नाही. त्यांचा महसूल अधिकारी आफोंसो मेशिया याने 1526 मध्ये गांवकारीचे रीतिरिवाज लिहून काढले आणि त्यांना मान्यता दिली. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे मोठे पंडित, पण त्यांनीही जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, या गावसंस्थांवर मन लावून लिहिलं आहे. जन्म त्यांचा गोव्यातलाच. विद्यापीठातल्या सामाजिक शास्त्रांच्या विद्यालयाला आज त्यांचं नाव आहे.

आता कामाचं. भरतीचं पाणी मांडवीतून 40 कि.मी.पर्यंत आत जवळजवळ तेवढ्याच जोराने चढतं, हे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 1993 च्या मोजणीतून दाखवलं. त्या कामातले डॉ. सतीश शेट्ये पुढे संस्थेचे संचालक आणि नंतर गोवा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. माझं काम त्यामानाने लहान: त्या पाण्यातलं मीठ शेतात कुठून आणि किती शिरतं. मीठ मोजायचं यंत्र असतं. मातीच्या अर्कात त्याचा आकडा 3 च्या वर गेला की साध्या भाताचं पीक घटायला लागतं. समुद्राच्या पाण्याचा आकडा पन्नाशीला असतो. म्हणून खाजणात कोरगुट नावाचं भात पेरतात. उंच वाढतं, वाऱ्याने लोळतं, उत्पन्न थोडं, पण खारात उभं राहतं. जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेने त्याच्यातूनच निवड करून 'गोवा धान 1' आणि 'गोवा धान 2' ही वाणं काढली.

मॅडमची मुलं कोरगुटाच्या मुळांशी राहणारे जिवाणू शोधत होती. खाराने भाताचं रोप घाबरतं आणि इथिलीन नावाचा वायू सोडतं, त्याने मुळं खुंटतात. काही जिवाणू हा वायू ज्यापासून बनतो तो पदार्थच खाऊन टाकतात, मग मुळं वाढत राहतात. रायबंदरच्या मिठागरांतले जिवाणूही विद्यापीठात पुष्कळ वर्षं अभ्यासले गेले आहेत, नुसत्या मिठात जगणारे. चमच्याएवढ्या मातीसाठी ती मुलं मांडीभर चिखलात तासन्‌तास वाकलेली असायची. मला त्यांचा फार आदर वाटतो.

आजोबा, मे महिनाभर एका चौकोनात मीठ वाढत होतं आणि मला कारण सापडत नव्हतं. मानसीची फळी गळत असणार असं धरून मी यंत्र मानसीशीच लावून बसले. आकडे जुळेनात. जूनच्या अमावास्येच्या उधाणाला कला महाविद्यालयातल्या त्या मुलाने आपली वही मास्तरांपुढे ठेवली. तो रोज सकाळी एकाच जागी बसून तोच बांध काढत होता. चाळीस चित्रं होती. मास्तरांनी पानं उलटली आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. मानसीपासून पंचवीसेक पावलांवर बांधाच्या पायथ्याला एक काळसर डाग. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत बारीक, उधाणाला पसरलेला. त्या मुलाला तो डाग काय आहे ते ठाऊक नव्हतं. दिसला तसा काढला, इतकंच. मास्तर म्हणाले, "कुर्ल्यांनी पोखरलंय." तिथे खणलं तर हात कोपरापर्यंत आत गेला.

माझं यंत्र दर दहा मिनिटांनी आकडा नोंदत होतं, पण मी ते लावलं होतं तिथलाच. त्या मुलाने सगळा बांध पाहिला. दोन दिवसांनी वीसेक माणसं जमली, चिखल तुडवला, पेंढा घातला, चिरे बसवले. पाऊस लागल्यावर मीठ धुऊन गेलं आणि मोड आलेलं बी पडलं. मी निघाले तेव्हा चार बोटं वर आलं होतं.

सगळीकडे असं होत नाही. माशांसाठी मानसींचे लिलाव होतात आणि घेणारे कधी मुद्दाम खारं पाणी आत सोडून ठेवतात. एकदा तिवरं उगवली की भाताचं नावच नको. मला ते बघवत नव्हतं, कारण मला आपलं खाजण दिसत होतं.

मी सातवीत असताना आपला बांध फुटला. तुम्ही अर्ज केले, कोणी आलं नाही. त्याच्या आधी उधाणाच्या रात्री तुम्ही कंदील घेऊन बांधावर जायचा आणि मला सोबत न्यायचा. मला झोप यायची, मी कुरकुर करायचे. तुम्ही थांबून खाली वाकून पायथा बघायचा आणि कधी पायानेच चाचपायचा. तुम्ही काय बघत होता ते मला त्या चाळीस चित्रांपुढे बसल्यावर कळलं.

इथे नेदरलँड्समध्ये पाणी सांभाळणारी मंडळं तेराव्या शतकापासून आहेत आणि आजही त्यांची वेगळी निवडणूक होते. 1953 च्या पुरात 1,836 माणसं गेली, तेव्हापासून बांध हा विषय घराघरांत बोलला जातो. माझ्या इथल्या मार्गदर्शकांना ती चित्रं दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "हा पुरावा आहे, निबंधात शोभेसाठी नाही घालायचा." त्या मुलाचं नाव लेखकांत जाणार. मास्तरांचंही जावं असा माझा आग्रह आहे. त्यासाठी मी भांडेन.

आता तुमच्याकडे मागणं. आपल्या खाजणाचा नकाशा कुठल्याच कागदावर नाही. फुटण्याआधीचा तुमच्या आठवणीतला नकाशा काढून द्या. हात थरथरतो असं म्हणू नका, रेघ वाकडी आली तरी चालेल. उघाडी कुठे होती, फळी कसल्या लाकडाची, ती कोण घडवायचं, वर्षातून कितीदा बदलायची? पायथा पहिल्यांदा कुठे ओला व्हायचा? भाताचं ते जुनं बी कोणतं होतं, आणि गावात कुणाच्या कणगीत अजून असेल का? छोट्या काकांना शेजारी बसवून लिहायला लावा. डिसेंबरमध्ये मी येते आहे, या खेपेला तीन आठवडे. तेव्हा पौर्णिमेच्या भरतीला आपण दोघं जाऊ. गुडघे दुखत असतील तर काका खुर्ची आणतील. चित्रं काढणारा तो मुलगाही येतो म्हणाला आहे, वही घेऊन.

आजीला नमस्कार. औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
मनू

ता. क. काकूंनी कोरगुटाचे दोन किलो तांदूळ तुमच्यासाठी दिले होते. ते मी आईकडे कुडाळला ठेवले आहेत. पेज करून पाहा आणि आपल्या जुन्या तांदळाची चव लागते का ते कळवा.