माझं नाव तेवढं काढून टाक

ताल्लिन, एस्टोनिया, 14 नोव्हेंबर

ती. आई-बाबांस, सा. न.

मी मजेत आहे. थंडी आहे, पण कोट जाड आहे आणि जेवते वेळेवर. हे मुद्दाम कागदावर लिहितेय, कारण फोनवर हा विषय निघाला की बाबा चिडतात आणि आई 'हो हो' म्हणून भाजीवर येते.

बाबा, व्हॉट्सॲपचा तो सहा आकडी कोड भामट्याला सांगितलात म्हणून कुणी तुम्हाला वेडं म्हणत नाही. आता त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे कोडशिवाय वेगळा लागणारा तुमचा स्वतःचा पिन तेवढा लावून घ्या. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, कुणी कितीही गोड बोललं तरी.

इथल्या लोकांची एक तऱ्हा मला अजून उमगत नाही. चिपवाल्या सरकारी ओळखपत्राला दोन पिन. पहिला चार आकडी, 'कोण आहे?' याला उत्तर द्यायला. दुसरा पाच आकडी, सहीसाठी. आणि ती सही कायद्यानं हातच्या सहीइतकीच पक्की. एक म्हणजे दारातून ओ देणं, दुसरा म्हणजे स्टँपपेपरवर अंगठा. मी पिन टाकायला लागले की शेजारची बाई खिडकीकडे तोंड करून बसते. पहिल्यांदा वाटलं, रुसली!

आई, तू म्हणतेस तो कार्डातल्या चिपचा दोष 2017 सालचा, मी यायच्या आधीचा. साडेसात लाखांवर कार्डांची प्रमाणपत्रं, म्हणजे ज्यांच्यावर ऑनलाइन ओळख नि सही चालते ती, सरकारनं आपणहून थांबवली. त्यावरून मला परत बोलावू नकोस.

तुझा पासवर्ड मात्र बदल. डोळे मिटून शब्दकोश उघड, बोट पडेल तो शब्द घे, असे चार. अभंगाची ओळ नको, ती चोरालाही पाठ असते. ईमेलचा वेगळा, बँकेचा वेगळा. ईमेल गेला की बाकीचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. वहीत लिहून कपाटात ठेवलास तरी चालेल. कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाखाली नको.

काकांचे दहा हजार मी परस्पर दिलेत, तो विषय काढू नका. पत्र्याचे पैसे एक तारखेला पाठवते. दिवाळीला रजा मिळाली नाही म्हटलं होतं. रजा होती, तिकीट परवडलं नाही.

साताऱ्याच्या स्थळाचा फोटो पाहिला. बरा आहे, बोलेन. पण माझा बायोडेटा किती ग्रुपांवर फिरतोय? त्यात माझं नाव आहे, जन्मसाल आहे, आणि आई, तुझा सगळीकडचा पासवर्ड तोच आहे. माझं नाव काढताना तुला वाईट वाटेल, माहीत आहे. तरी काढ. नवा काय ठेवलास ते मलाही सांगू नकोस.

तुमची,
चिऊ